कुठवर नेलं होतं?

नोकरीत माझं नाव वाशीम आहे. घरी मी देवमन, पंचफुलाचा नवरा आणि दोन पोरींचा बाप. पण टेलिफोनच्या बोर्डासमोर बसलो आणि कानाला हेडफोन लावला की मी वाशीम. आम्हा ऑपरेटर लोकांची ती पद्धतच आहे, एकमेकांना गावाच्या नावाने हाक मारायची. "बोल वाशीम." "अकोला, जरा नागपूर दे." "मालेगाव, मधून निघ बाबा." वर्षानुवर्षं रोज बोलतो, एकमेकांच्या खोकल्यावरून घरातली हवा ओळखतो, आणि बाजारात समोरासमोर आलो तर ओळख लागत नाही, कारण चेहरा कधी पाहिलेलाच नसतो.

अकोला म्हणजे एक बाई. आवाज स्वच्छ, थोडा कडक. घाईत असली की "वाशीम, लवकर" एवढंच म्हणायची आणि फुरसत असली की माझ्या पोरींची चौकशी करायची. मालेगाव, आमच्या अकोल्याच्या वाटेवरचं छोटं गाव, म्हणजे तपकीर ओढणारा एक गृहस्थ, दर दोन वाक्यांमागे शिंकणारा. आणखी पुष्कळ गावं होती, पण ही दोन या गोष्टीत येतात म्हणून सांगून ठेवतो.

माझं हृदय एका मे महिन्यात थकलं. झटका आला, आणि झटक्यापाठोपाठ रक्तदाब इतका खाली गेला की अंगात रक्त फिरवायला जोरच उरला नाही. डॉक्टर त्याला शॉक म्हणतात. त्यातून थोडेच वाचतात, हे मला बरं झाल्यावर सांगितलं, आधी सांगितलं नाही हे त्यांचे उपकार. आता आसपासच्या गावचे लोक घरी येतात, बाजेवर बसतात, चहा पितात आणि हळूच विचारतात, "तुमी वाचले कसे?" त्यांना औषधाचं नाव हवं असतं. ते मला अजूनही नीट म्हणता येत नाही. जे म्हणता येतं ते लिहितो.

ऊन

वाशीममध्ये मे महिन्यात कोणाला काहीही झालं तरी ते ऊन लागलेलं असतं. पोटात दुखलं, ऊन. चक्कर आली, ऊन. नवराबायकोचं भांडण झालं तरी शेजारीपाजारी म्हणतात, दोघांच्या डोक्यात ऊन चढलं. त्यामुळे दुपारी पोस्टातल्या बोर्डावर बसल्या बसल्या छातीवर कोणी पाट ठेवून बसल्यासारखं वाटायला लागलं, डावा हात जड झाला, सदरा घामाने चिंब झाला, तेव्हा मी स्वतःच निकाल दिला, "गफूरभाई, मले ऊन लागलं वाटते."

गफूरभाई आमचे लाइनमन. खांबावर चढणारा माणूस, उन्हाचा त्यांना अनुभव. त्यांनी लगेच कांदा फोडला, माझ्या तळपायांना न तळहातांना चोळला. पोस्टमास्तरांच्या घरून कैरीचं पन्हं आलं. ते मी दोन ग्लास प्यायलो. डोक्यावर ओला टॉवेल आला. सगळं शास्त्राप्रमाणे झालं. थोड्या वेळाने गफूरभाईंनी माझे हात धरून पाहिले आणि त्यांचा चेहरा खुलला.

"हात गार पडले. उतर गया."

पोस्टातल्या दोघातिघांनी येऊन माझा हात धरून पाहिला. खरंच गार. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि आपापल्या कामाला गेले. मलाही बरं वाटलं. ऊन अंगातून निघालं की अंग गार पडतं हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. कपाळावर पुन्हा घाम येत होता, पण तो गार घाम होता, म्हणून तोही चांगलाच समजला. मी हेडफोन परत कानाला लावला.

अकोल्याने काहीतरी नंबर मागितला. मी दिला. तिने लगेच जोडणीची दोरी लावली नाही.

"वाशीम, तुझा आवाज कुठून येतो आहे?"

"इथूनच. ऊन लागलं होतं, उतरलं. हातपाय मस्त गार पडले."

मग ती अगदी हळू म्हणाली, "छातीत दुखतं का रे?"

"दुखते थोडं."

"जवळ कोण आहे? त्याला दे. आणि तू उठू नकोस. जिथे आहेस तिथेच आडवा हो, चालू नकोस, ऐकतोस ना?"

पुढे पुष्कळ दिवसांनी तिने सांगितलं, तिच्या वडिलांचे हात असेच गार पडले होते, आणि घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला होता. ती तेव्हा शाळेत जात होती.

गफूरभाईंनी हेडफोन कानाला लावला, ऐकलं, आणि कांदा हातात तसाच धरून बाहेर धावले. पोस्टाचा बाक आणला. मला त्यावर आडवं घातलं आणि चौघांनी उचललं. दवाखाना जवळच. जाताना मला जमिनीवर पडलेल्या हेडफोनमधून बारीक आवाज ऐकू येत होता, "वाशीम, वाशीम." उत्तर द्यायला मी नव्हतो, याचं मला त्या अवस्थेतही वाईट वाटलं. ड्युटीवर हाकेला ओ न देणं आमच्यात फार वाईट.

कांबळं

दवाखान्यातले आमचे डॉक्टर तरुण होते, नागपूरहून शिकून नुकतेच आलेले. त्यांनी दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला, सोडला, परत बांधला, परत सोडला.

"मशीन बिघडली काय साहेब?" मी विचारलं.

"मशीन ठीक आहे," ते म्हणाले. मग स्टूल ओढून माझ्या उशाशी बसले. आपल्या जवळ बसून बोलणारा डॉक्टर मी पहिल्यांदा पाहिला. "देवमनराव, हे ऊन नाही. हृदयाला झटका बसला आहे. ते चालतं आहे, पण त्याला जोर नाही. आता तुम्ही काहीच करायचं नाही. कूस बदलायची तरी मला विचारून बदलायची."

"घरी कवा जाऊ?"

त्यांनी सिस्टरना सांगून माझ्या अंगावर कांबळं घातलं. मे महिन्याची दुपार, बाहेर पत्रे तापलेले, आणि माझ्या अंगावर कांबळं, आणि मला ते हवंहवंसं वाटत होतं. तेव्हा मला कळलं की मी मरू शकतो. फार भीती वाटली. भीती वाटली नाही म्हणणारा माणूस एकतर खोटं बोलतो किंवा बेशुद्ध असतो.

पंचफुला आली. उन्हाळ्याच्या कुरडया घालत होती, तशीच उठून आलेली, कोपरापर्यंत गव्हाचा चीक वाळलेला. ती रडली नाही. माझा हात धरला आणि म्हणाली, "किती गार." बाकी सगळ्यांनी आनंदाने म्हटलेले तेच शब्द. तिच्या तोंडून ते ऐकताना मला रडू आलं.

दादाची जीप

आमच्याकडे माणूस गेला की भेटायला येणारे टेकतात, पाणी पितात आणि पहिला प्रश्न विचारतात, "कुठवर नेलं होतं?" त्याचं उत्तर ठरलेलं असावं लागतं. अकोल्यापर्यंत नेलं होतं म्हटलं की लोक मान हलवतात, घरच्यांनी केलं बिचाऱ्यांनी. नागपूरला नेलं होतं म्हटलं तर विचारायलाच नको. आणि कुठेच नेलं नव्हतं असं असेल तर कोणी काही बोलत नाही, पण ते न बोलणं पिढीभर पुरतं.

आमचा बाप गेला तेव्हा थोरल्या भावाला, दादाला, नुकतं मिसरूड फुटलेलं. बापाच्या पोटात दुखत होतं, सकाळी पाहू म्हणून थांबलो, सकाळ त्याने पाहिली नाही. लोक आले, विचारायचं ते विचारलं, आणि दादा उत्तर द्यायचं सोडून गोठ्यात जाऊन बसला. मी लहान होतो, पण गोठ्याच्या दारातून दिसणारी त्याची पाठ मला आठवते.

म्हणून निरोप मिळताच दादा गावाहून आला तो जीप घेऊनच आला. गावच्या एका बागायतदाराची जीप, मागे गादी अंथरलेली, उशी ठेवलेली, पाण्याची सुरई सुद्धा. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि डॉक्टरांना म्हणाला, "साहेब, आमी याले अकोल्याले नेऊन राह्यलो. मनात काही धरू नका."

डॉक्टर त्याला खोलीबाहेर घेऊन गेले, पण दार उघडंच होतं. "याला उचलून बसवलं तरी रक्तदाब पडेल. पुढे तो रस्ता आणि पातूरचा घाट. घाटापर्यंतसुद्धा पोचणार नाही."

"इथं तरी काय हाय तुमच्यापाशी?"

"फार नाही," डॉक्टर म्हणाले. "रक्तदाब चढवायचं इंजेक्शन थोडं आहे, ते चालू केलं आहे. आणखी लागेल. मी इथे एकटा आहे, म्हणून अकोल्याच्या मोठ्या डॉक्टरांना फोनवर विचारतो आहे. ते म्हणाले न्या, तर मीच तुमच्या जीपमध्ये बसेन."

"टेलिफोनवर नाडी पाह्यतात काय तुमचे मोठे डाक्टर?"

मला हसू आलं. हसायलाही जोर लागतो हे तेव्हा कळलं. दादाचं चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. त्याला मला वाचवायचं होतं, आणि वाचलो नाही तर निदान उत्तर हवं होतं.

पंचफुला टेलिफोनवर

टेलिफोन वॉर्डाला लागूनच्या खोलीत होता. मला तिथलं इकडच्या बाजूचं बोलणं ऐकू आलं. पलीकडचं मला अकोल्याने आणि मालेगावने पुढे इतक्यांदा सांगितलं आहे की आता तेही मी कानाने ऐकल्यासारखं वाटतं.

गफूरभाई माझ्या जागी बोर्डावर बसले होते. नियमाने बसता येत नाही, पण बसले. अकोल्याने मोठ्या डॉक्टरांना त्यांच्या दवाखान्यात गाठून ठेवलं होतं आणि इतर सगळे कॉल बाजूला सारून लाइन मोकळी केली होती. दोन डॉक्टर बोलले. मोठे डॉक्टर म्हणाले, हलवू नका, औषध मी पाठवतो, पाय किंचित उंच ठेवा, अमुक करा, तमुक करा. आमचे डॉक्टर हो हो म्हणत होते. मग ते म्हणाले, "सर, घरच्यांशी तुम्हीच बोला."

दादा पुढे झाला नाही. तो दारातच उभा राहिला. पंचफुला पुढे झाली.

माझं आयुष्य टेलिफोनात गेलं, पण पंचफुलाने टेलिफोन कधी हातात धरला नव्हता. आमच्या घरात तो असण्याचं कारणच नव्हतं. तिने रिसीव्हर उलटा धरला. डॉक्टरांनी तो सरळ करून दिला.

मोठ्या डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग ती जे बोलली ते मी खाटेवरून ऐकलं.

"डाक्टरसाहेब, तुमचं समदं समजलं. एक सांगा. याईले इथं ठेवलं न याईचं काही बरंवाईट झालं, तं लोक म्हणतीन बायकोनं अडवलं, नेऊ नाही देलं. जलमभर म्हणतीन. तवा तुमी म्हणान काय, म्या सांगितलं होतं म्हणून?"

उन्हाळ्यात वारा सुटला की आमची लाइन वाऱ्यावर जाते. तिच्या प्रश्नापर्यंत लाइन टिकली आणि उत्तराच्या वेळी गेली. पंचफुलाला नुसती खरखर ऐकू येत होती. ती "हॅलो" वगैरे काही म्हणाली नाही, तिला ते माहीतच नव्हतं. रिसीव्हर कानाला लावून ती नुसती उभी राहिली.

ऑपरेटरने लोकांचं बोलणं ऐकायचं नसतं. जोडून द्यायचं आणि निघायचं. हा आमचा पहिला नियम. त्या दिवशी मालेगाव निघाला नव्हता, अकोलाही निघाली नव्हती. लाइन लांबवर क्षीण झाली की मधलं गाव बोलणं पुढे पोचवतं, ही पद्धत आहे, पण त्यासाठी आधी ऐकत असावं लागतं. पंचफुलाच्या कानात एक शिंक आली आणि मग मालेगावचा जाड आवाज.

"बाई, आयकू येते काय? म्या मालेगाव. डाक्टरसाहेब म्हणून राह्यले, म्हणीन. कोनी बी इचारलं तं म्हणीन. कोर्टात बी म्हणीन." मग जरा थांबून, "म्या बी आयकलं बाई. मालेगाव बी म्हणीन."

आणि त्याच्या मागून, खरखरीच्या पार पलीकडून, अकोला: "अकोलाही म्हणेन."

पंचफुलाने रिसीव्हर डॉक्टरांच्या हातात दिला. दादाकडे वळली. "भाऊजी, नाही नेत."

दादा बाहेर गेला. मला वाटलं, जीप सुरू झाल्याचा आवाज येईल. आला नाही.

चहा न पिता आलेली बस

औषधाचं खोकं अकोल्याने माणूस पिटाळून एस.टी. स्टँडवर पोचवलं. कंडक्टरच्या हाती डबे, निरोप, चपला, कोंबड्या सगळं जातं, औषध नवं नव्हतं. नवं हे होतं की ही बस पातूरला आणि मालेगावला चहाला थांबली नाही. अकोल्याने पातूरला सांगितलं, मालेगावने आपल्या स्टँडवर सांगितलं, आणि कंट्रोलरने बस आत येण्याआधीच हात दाखवून पुढे काढली. कंडक्टरने लोकांना कारण सांगितलं होतं. कोणी कुरकुरलं नाही म्हणतात.

एक गृहस्थ पुढे मला वॉर्डात भेटायला आले, ओळखदेख काही नाही. म्हणाले, "त्या बशीत म्या होतो. मले उतरायची लई निकड होती. दात दाबून बसलो. म्हटलं, पाहून तं यावं कोनासाठी बसलो होतो." ते संत्री घेऊन आले होते. डॉक्टरांनी ती खाऊ दिली, म्हणून मी त्यांचा दुप्पट ऋणी आहे.

बस स्टँडवर न जाता आधी दवाखान्यासमोर उभी राहिली. सिस्टर फाटकात वाट पाहतच होत्या.

कोमट

त्यानंतरचे दिवस एकसारखे होते. सकाळी फिनेलचा वास, मग रक्तदाब, मग बिनमिठाची पेज, मग रक्तदाब. सलाइनची बाटली थेंब थेंब टाकायची आणि मी ते थेंब पाहायचो. आजारी माणसाला सगळ्यांत जास्त लाज कशाची वाटत असेल तर ती खाटेवर घ्यायच्या शौचाच्या भांड्याची. पहिल्यांदा सिस्टरने भांडं आणलं तेव्हा मी तोंड फिरवलं. त्या म्हणाल्या, "काका, लाजायला जोर लागते. तो वाचवा." मी वाचवला.

झोपेची भीती वाटायची. दुपारी डोळा लागायला आला की दचकून जागा व्हायचो, डोळे मिटले आणि उघडलेच नाहीत तर म्हणून. पंचफुलाने त्यावर उपाय काढला. माझ्या मुठीत तिचं एक बोट द्यायची. "झोपा. सुटलं तं म्या उठवीन." तिचं बोट धरून मी झोपायचो. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, पण झोपायचो.

ती दिवसातून किती वेळा माझे हात चाचपून पाहायची. डॉक्टर पट्टा बांधायचे आणि ती हात धरायची, दोघांचे निकाल बहुतेक सारखेच निघत. एके दिवशी सकाळी तिने हात धरला, दुसराही धरला, पावलांना हात लावून पाहिला, आणि म्हणाली, "कोमट हायेत." डॉक्टरांनी पट्टा बांधला, हवा सोडली, आणि पहिल्यांदाच परत बांधला नाही.

त्या दिवशी ती रडली. ओसरीत जाऊन, पदर तोंडात धरून, मोठ्याने. मी आतून ऐकलं आणि माझं मन शांत झालं, कारण मी मरणार असतो तर ती रडली नसती.

दादा या सगळ्या दिवसांत दवाखान्याच्या ओसरीत होता. जीप त्याने परत पाठवली, पण गादी ठेवून घेतली, वेळ आली तर म्हणून. त्या गादीवरच बसायचा. पंचफुलाने दिलेली भाकर खायचा, तिच्याशी बोलायचा नाही. ती ताट ठेवायची, तो जेवायचा, ताट धुऊन परत ठेवायचा. माझ्या आजारपणातलं सगळ्यांत जड मला हेच झालं. छातीवरचा पाट उतरला तरी हे उतरत नव्हतं. मला दोघांनाही सांगायचं होतं की तुम्ही दोघंही माझ्यासाठीच भांडता आहात, पण डॉक्टरांनी बोलायला मनाई केली होती, आणि खरं सांगायचं तर बोलायला मुभा असती तरी कसं बोलावं ते मला सुचलं नसतं.

मला पहिल्यांदा टेकवून बसवलं, त्या दिवशी दादा दारात येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "पंचफुला, पाणी दे वं."

तिने दिलं. तो उभ्यानेच प्यायला आणि तांब्या तिच्या हातात परत दिला. संध्याकाळी गादी गुंडाळून गावाला गेला.

अकोला

अंगात थोडा जोर आल्यावर मोठ्या डॉक्टरांनी तपासणीसाठी अकोल्याला बोलावलं. हृदयाचा आलेख काढायचं यंत्र तिथे होतं. आगगाडीच्या बाकावर आडवा होऊन गेलो. दादा सोबत होता, आणि प्रत्येक स्टेशनावर तो मला स्टेशनाचं नाव सांगत होता, जसं काही मी पहिल्यांदाच चाललो आहे.

दवाखान्यात डोळे मिटून पडलो होतो. कोणीतरी खाटेजवळ येऊन उभं राहिलं आणि म्हणालं, "बोल वाशीम."

मी डोळे उघडायच्या आधी थोडा वेळ घेतला. इतकी वर्षं त्या आवाजाला मी मनात एक चेहरा देऊन ठेवला होता, उंच, गोरी, चष्मा. पाहिलं तर बुटकीशी, सावळी बाई, हातात डबा. तिनेही मला न्याहाळलं.

"मला वाटलं, तू जाड असशील," ती म्हणाली.

"होतो. बिनमिठाचं खाऊन राह्यलो."

डब्यात बिनमिठाचाच उपमा होता. मोठ्या डॉक्टरांना विचारून केलेला. तिने तिचं खरं नाव सांगितलं, ते मी इथे लिहीत नाही, तिलाच नको आहे. ती निघताना मला काहीतरी म्हणायचं होतं, आभार वगैरे. माझ्या तोंडून निघालं, "अकोला, त्या दिवशी तू हाक मारत होतीस. मी ओ दिली नाही."

"आता दिलीस ना," ती म्हणाली आणि डोळे पुसत गेली.

मग

मला बोर्डावर परत बसायची परवानगी मिळाली, हलकं काम म्हणून. पहिल्या दिवशी प्रत्येक गावाने विचारलं, "वाशीम, मीठ सोडलं ना?" माझा रक्तदाब साऱ्या भागाला पाठ झाला होता.

त्यानंतर आम्हा ऑपरेटरांत एक रीत आपोआप पडली. कुठल्याही गावाहून हृदयाच्या पेशंटसाठी फोन आला की लाइन आधी त्याला. पेशंटला चालवू नका, ऊन समजू नका, हे आम्ही जोडता जोडताच सांगायचं. अकोल्याच्या मोठ्या डॉक्टरांना गाठून ठेवायचं काम अकोल्याचं. इथल्या डॉक्टरांकडे औषध आहे की नाही ते पाहायचं काम माझं. बस कुठे आहे ते मालेगावला ठाऊक. हलवायचं की ठेवायचं ते डॉक्टर ठरवायचे, आणि हलवायचं ठरलं तर पुढच्या गावाला आम्ही आधीच सांगून ठेवायचो. कोणी साहेबाने हुकूम काढलेला नाही. सगळे वाचले असंही नाही. काही जण वाचले.

गेल्या वर्षी रिसोडहून फोन आला. रिसोड म्हणाला, "वाशीम, जड मामला हाय." पेशंट भाजीचे मळे करणारा एक माळी, माझ्यापेक्षा तरुण. तिथल्या डॉक्टरांनी अकोल्याला विचारलं. अकोल्याच्या मोठ्या डॉक्टरांनी तेच सांगितलं, हलवू नका, वाशीमहून औषध येतं आहे तोवर ठेवा. आमच्या डॉक्टरांनी औषध देऊन जीप रवाना केली. मग त्याची बायको फोनवर आली. तिचं नाव वत्सलाबाई.

"नेऊ नाही म्हणता, पन लोक मले काय म्हणतीन," ती म्हणाली. पुढे तिला बोलता आलं नाही.

मोठ्या डॉक्टरांनी तिला धीर दिला. लाइन स्वच्छ होती, मी मध्ये बोलायची काही गरज नव्हती. तरी बोललो. "बाई, म्या वाशीम. म्या आयकलं. कोनी इचारलं तं म्हणीन."

जीप पोचली, औषध लागलं, डॉक्टर त्याच्या उशाशी बसून होते. दिवस मावळायच्या आत तो गेला.

मी घरी येऊन पंचफुलाला सांगितलं. तिने चुलीवरचं भांडं उतरवलं आणि विचारलं, "तुमी म्हटलं होतं ना, म्हणीन म्हणून?"

"हाव."

"तं चला मंग."

तिसऱ्या दिवशी आम्ही रिसोडची एस.टी. धरली. घर शोधावं लागलं नाही, अंगणात माणसं बसली होती. ओसरीच्या कोपऱ्यात, खांबाला टेकून, डोक्यावरून पदर घेतलेली बाई होती. आम्ही टेकलो, पाणी प्यायलो. थोड्याच वेळात आणखी काही पाहुणे आले, पाणी प्यायले, आणि त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने विचारलं.

"कुठवर नेलं होतं?"

सासऱ्याने जमिनीकडे पाहिलं. कोपऱ्यातल्या पदराखालची मान आणखी खाली गेली. मला दादाची पाठ आठवली.

डॉक्टरांनी मला अचानक उठायला मनाई केली आहे. मी हळूहळू उठलो. "म्या वाशीम," म्हटलं, आणि मग लक्षात आलं की इथे तसं म्हणून कोणाला कळणार नाही. "म्या वाशीमचा टेलिफोनवाला. अकोल्याच्या मोठ्या डाक्टरनं सांगितलं का याले हलवू नका, हलवलं तं रस्त्यातच जाईन. म्या या कानानं आयकलं. जे औषध होतं, ते इथवर आलं. वत्सलाबाईनं अडवलं नाही. तिनं त्याले घाटात नाही मरू देलं, घरच्याईच्या हातात ठेवलं. कोनी इचारलं तं हे सांगजा. माह्या नावानं सांगजा."

म्हाताऱ्याने मान हलवली आणि म्हणाला, "बरं केलं बाप्पा, सांगतलं ते." सासऱ्याने डोळ्याला उपरणं लावलं. मी परत खाली बसलो, छाती धडधडत होती, पण जोरात, चांगली.

पंचफुला एव्हाना उठून कोपऱ्यात गेली होती. वत्सलाबाईशेजारी बसून तिने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला होता. परतायची बस निघायची वेळ झाली म्हणून मी दोनदा खूण केली, पण ती काही उठेना.

पुढच्या बसमध्ये बसल्यावर मी विचारलं, एवढा वेळ काय करत होतीस?

"हात गार पडले होते तिचे," ती म्हणाली. "कोमट झाले, मंग उठली."